काळसर काठ, सोनेरी मध्य : गिटारच्या सनबर्स्ट रंगाची गोष्ट

आजच्या भागात आपण एका रंगाविषयी बोलणार आहोत. खरं तर एका रंगाविषयी नाही, एकमेकांत मिसळत जाणाऱ्या दोन-तीन रंगांविषयी.

निमित्त आहे एका श्रोता मैत्रिणीच्या प्रश्नाचं. तिची मुलगी बारावीला आहे आणि तिला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. दुकानात एकाच बनावटीच्या दोन गिटारी दाखवल्या. एक पूर्ण काळी. दुसरी कडेला काळपट, मग तांबूस आणि मधोमध मधासारखी पिवळी. दुसरीला पैसे जास्त. मुलीचा जीव दुसरीवर जडला आहे. आईचा प्रश्न सरळ आहे : हे जास्तीचे पैसे आवाजाचे की नुसत्या रंगाचे? आणि रंगाचेच असतील, तर या एका रंगात असं आहे तरी काय, की जगभरची वाजवणारी माणसं त्याच्यावर जीव टाकतात?

प्रश्न पैशांचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या गटातल्या दोघी गिटार वाजवतात, बाकीच्या ऐकतात आणि रंगांवर मतं मात्र सगळ्याच देतात. तेव्हा आज आम्ही मिळून उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

या रंगकामाला सनबर्स्ट म्हणतात. नावातच सूर्य आहे. मध्यभागी उजेड आणि तिथून कडेकडे जाताना तो मावळत जातो. आपल्याला हे समजायला फारसं अवघड नाही, कारण साडीचा काठ आपण रोज बघतो. अंगाचा रंग फिका आणि काठ गडद असला की अंगाचा रंग आणखी उजळ दिसतो. सनबर्स्टचं तत्त्व तेच. फरक इतकाच की साडीचा काठ जिथे सुरू होतो तिथे रेघ असते. इथे रेघ नसते. पिवळा कुठे संपला आणि तांबडा कुठे लागला, ते बोट ठेवून दाखवता येऊ नये, यातच रंगाऱ्याचं कसब.

ही कल्पना इलेक्ट्रिक गिटारपेक्षा कितीतरी जुनी आहे. जुन्या व्हायोलिन पाहिल्या तर जिथे हात, हनुवटी आणि कापड सतत लागतं, तिथलं व्हार्निश झिजून लाकूड उजळ झालेलं असतं. जिथे हात पोचत नाही त्या कोपऱ्यांत रंग गडद राहतो. वापरलेल्या, वयस्क वाद्याचं ते रूप लोकांच्या डोळ्यांत चांगल्या वाद्याची खूण म्हणून बसलं. पुढे नव्या वाद्यालाही मुद्दाम तसंच रंगवायला सुरुवात झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू या गावी गिब्सन कंपनी १९०२ मध्ये सुरू झाली. तिने १९२० च्या दशकात आपल्या उत्तम मँडोलिनला जो छायेचा तपकिरी रंग दिला, त्याचं नावच ‘क्रेमोना ब्राउन’ ठेवलं. क्रेमोना हे इटलीतलं व्हायोलिनवाल्यांचं गाव, स्ट्रॅडिव्हेरियसचं गाव. नव्या वाद्याला जुन्या घराण्याचं आडनाव लावावं, तसलाच हा प्रकार.

सुरुवातीला हा रंग फडक्याने, हाताने चोळून उतरवत. मग मोटारगाड्यांच्या कारखान्यांत झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला, त्याच्याबरोबर स्प्रे गन आली, आणि गिटारवाल्यांनी दोन्ही उचललं. स्प्रेने रंगाचा बारीक तुषार पडतो, त्यामुळे एक रंग दुसऱ्यात विरवणं सोपं झालं. सोपं म्हणजे काय, हात बसलेल्याला सोपं.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. आधी लाकूड घासून गुळगुळीत करायचं. मग सगळीकडे पिवळा रंग द्यायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : पिवळा मधे आणि काळा कडेला असं वेगवेगळं रंगवत नाहीत. खाली सगळीकडे पिवळाच असतो. त्यावर कडेने तांबडा, आणि तांबड्याच्या बाहेरून तपकिरी किंवा काळा मारत यायचं. हे रंग पारदर्शक असतात, म्हणून तांबड्याखालून पिवळा डोकावतो आणि मधल्या पट्ट्यात आपसूक नारिंगी छटा तयार होते. मग वरून लॅकरचे बिनरंगी हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा, पुन्हा घासायचं, शेवटी चकाकी आणायची. ज्या गिटारला कडेने पांढरट पट्टी असते, तिथे त्या पट्टीवर बसलेला रंग पात्याने अलगद खरवडून काढायचा. हात जरा चुकला की पट्टीही गेली आणि रंगही.

गडद काठाचा एक व्यवहारी उपयोगही आहे. वाद्याचा पुढचा भाग आणि बाजू जिथे जोडतात, तिथला जोड त्याखाली झाकला जातो. लाकडात कडेला डाग असेल, एका तुकड्याची छटा दुसऱ्याशी जुळत नसेल, तर तेही लपतं. जुन्या पडद्याला नवा काठ लावून आपण तेच करतो की.

आता इलेक्ट्रिक गिटारकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार आणली. आज गिटार म्हटलं की मुलं कागदावर जो दोन शिंगांचा आकार काढतात, तोच हा आकार. तिचा नेहमीचा रंग सनबर्स्ट होता, पण दोनच रंगांचा : मधे पिवळा आणि कडेला काळपट. १९५८ मध्ये दोन्हींच्या मधे तांबडा आला आणि तीन रंगांचा सनबर्स्ट झाला. गंमत पुढेच आहे. तो सुरुवातीचा तांबडा पक्का नव्हता. उजेडाने तो उडून गेला आणि त्या काळातल्या कित्येक गिटारी आज पुन्हा दोनरंगीच दिसतात.

आणि आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही : त्या काळी फेंडरच्या यादीत सनबर्स्ट हा साधा, नेहमीचा रंग होता. मोटारीच्या रंगांतला निळा, लाल असा एखादा सरसकट रंग हवा असेल, तर ५ टक्के जादा मोजावे लागत. म्हणजे आज ज्या रंगाला दुकानदार जास्त पैसे सांगतो, तो तेव्हा बिनजादा पैशांचा होता, आणि साध्या एकरंगी गिटारला जादा दर होता. भाव रंगाच्या अंगात नसतो, मागणीत असतो. एके काळी घरोघरी असलेली पितळेची भांडी मोडीत गेली आणि आज तीच शोधून शोधून दिवाणखान्यात मांडतात, ते आठवा.

गिब्सनची गोष्ट तर याहून बोलकी. लेस पॉल या नामांकित वादकाच्या नावाची गिटार त्यांनी १९५२ मध्ये काढली. तिचं अंग महोगनीचं, त्यावर मेपल लाकडाचा थर, आणि वरून सोनेरी रंग. पुढे तिचा खप कमी झाला. तेव्हा १९५८ मध्ये सोनेरी रंग काढून चेरीच्या लालीचा सनबर्स्ट दिला. सोनेरी रंगाखाली लाकूड दिसत नसे, आता ते दिसू लागलं. म्हणून एकाच फळीचे दोन काप उघडून, पुस्तकाच्या पानांसारखे समोरासमोर जोडायची पद्धत ठेवली. तरीही गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. १९६१ मध्ये कंपनीने तो आकारच बंद करून दुसरा आणला. त्या दोन-तीन वर्षांत अशा गिटारी साधारण दीड हजारच झाल्या असाव्यात, असं मानलं जातं.

मग १९६६ मध्ये इंग्लंडात जॉन मेयॉल यांच्या ब्लूजच्या तबकडीवर एरिक क्लॅप्टन तीच सनबर्स्ट लेस पॉल वाजवताना ऐकू आला. तो जाड, उबदार आवाज ऐकून तरुण वादक त्या गिटारीच्या शोधाला लागले. जिमी पेजकडे १९५९ ची आली, पीटर ग्रीनकडेही त्याच वर्षाची होती. कंपनीला १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली. आज त्या जुन्या सनबर्स्टपैकी चांगली एक गिटार लाखो डॉलरला जाते. जी दुकानात पडून राहिली होती, तीच ही.

या गिटारींचाही तांबडा रंग उडाला. १९६० मध्ये कंपनीने तो बदलून पक्का केला, पण आधीच्या गिटारी ज्या घरात, ज्या खिडकीपाशी, ज्या पेटीत राहिल्या, तशा त्या वेगवेगळ्या होत गेल्या. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या, एकाच रंगाच्या गिटारींना आज वेगवेगळी नावं आहेत. तांबडा टिकला असेल तर चेरी. निम्मा उडाला असेल तर मधासारखी, म्हणून हनी. पार उडाला तर लिंबासारखी, म्हणून लेमन. तपकिरीकडे झुकली तर बिनदुधाच्या चहासारखी, आणि तिचं नावही चहावरूनच पडलं आहे. काठ गडद तपकिरी, काळपट असेल तर तंबाखू, म्हणजे टोबॅको. आता कारखाने नवी गिटारसुद्धा उडालेल्या रंगाचीच करून विकतात. जो दोष होता, तो आता प्रकार झाला.

याच मेपल लाकडात एक खुबी असते. काही झाडांत लाकडाचे रेषे सरळ न वाढता लहरत वाढतात. कापून चकाकी आणली की त्यात आडव्या ज्वाळांसारखे पट्टे दिसतात. गिटार जरा तिरकी केली की उजळ पट्टा काळवंडतो आणि काळा उजळतो. आपल्या धूपछाव रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कापड हललं की रंग पलटतो. इथे धागे दोन नाहीत, लाकूड एकच. लहरणाऱ्या रेष्यांवरून उजेड वेगवेगळ्या दिशेला परततो, म्हणून तसं दिसतं.

आता आवडीनिवडीकडे. हा भाग तयार करताना आम्ही सगळ्या छायाचित्रं समोर ठेवून बसलो आणि एकमत झालं नाही ते नाहीच. एकीला तीन रंगांचा, लख्ख तांबड्याचा सनबर्स्ट आवडतो. तिचं म्हणणं, वाद्य मंचावर लांबून दिसलं पाहिजे. दुसरीला दोनरंगी, तंबाखूच्या छटेचा. तिला तांबडा भडक वाटतो. तिसरीला काठ अगदी अरुंद हवा, म्हणजे लाकूड जास्त दिसेल. चौथी म्हणाली की ज्वाळांचे पट्टे फार झाले की वाद्यापेक्षा शोभेची वस्तू वाटते, तिला साधं, शांत लाकूडच बरं.

ऐकता ऐकता लक्षात आलं की प्रत्येकीच्या आवडीमागे काहीतरी पाहिलेलं आहे. कुणी पहिल्यांदा ज्या वादकाला पाहिलं त्याचा रंग मनात बसला. कुणाच्या घरातल्या जुन्या शिसवी कपाटाचा रंग तिला तंबाखूच्या छटेत सापडला. रंग मनात अचानक उगवत नाही. म्हणूनच ‘यात काय एवढं आहे’ असं कुणी म्हटलं, तर त्याचं उत्तर वाद्यात शोधून मिळत नाही, ज्याला आवडलं त्याच्याकडे मिळतं.

काहींना तर रंग गेलेलाच आवडतो. आयर्लंडचा रोरी गॅलाघर १९६३ मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून १९६१ ची सनबर्स्ट स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला. किंमत १०० पौंड, तीही हप्त्यांवर. त्या काळी घराला ही रक्कम थोडी नव्हती. आईला त्याने पटवलं ते असं की सूर आणि साथ दोन्ही मीच वाजवीन, दुसरा गिटारवाला लागणारच नाही, अशी गोष्ट सांगतात. आयुष्यभर त्याने तीच वाजवली. घामाने आणि हाताच्या घासण्याने तिचा बहुतेक सनबर्स्ट निघून गेला, खालचं लाकूड उघडं पडलं, तरी त्याने ती पुन्हा रंगवून घेतली नाही. त्याच्या मृत्यूनंतर २०२४ मध्ये ती लिलावात विकली गेली आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. अमेरिकेच्या बॉनी रेट यांची गोष्ट वेगळीच. त्यांनी १९६९ मध्ये १२० डॉलरला घेतलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या अंगावर रंगच नव्हता, नुसतं तपकिरी लाकूड. तीच त्यांची कायमची गिटार झाली. पुढे फेंडरने ज्या पहिल्या स्त्री वादकाच्या नावाची गिटार काढली, त्या याच.

म्हणजे एकाने सनबर्स्ट झिजवून टाकला, दुसरीने नसलेलाच पत्करला. दोघांच्याही वाजवण्यात काही उणं पडलं नाही.

रंगाची गोष्ट सांगताना रंगवणाऱ्या हातांची गोष्ट सुटून जाते, ती आम्हाला सोडायची नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅलामझूच्या कारखान्यातले पुरुष लढाईवर गेले. त्यांच्या जागी गावातल्या बायका कामाला आल्या. १९४२ मध्ये निघालेली जे-४५ ही गिटार इलेक्ट्रिक नाही, साधी पोकळ अंगाची आहे, पण तिचाही रंग सनबर्स्टच. युद्धात चांगलं लाकूड मिळेना, तेव्हा लाकडाचं उणंदुणं झाकायला हा गडद काठ कामी आला, असं जाणकार सांगतात. लाकूड कापणं, चिकटवणं, घासणं, रंग, तारा, सगळ्या टप्प्यांवर बायका होत्या. पण युद्धाच्या वर्षांत आपल्याकडे गिटारी बनल्याच नाहीत, असंच कंपनीच्या वतीने सांगितलं जात राहिलं.

पुढे जॉन थॉमस या लेखकाच्या हाती कारखान्यासमोर उभ्या असलेल्या बायकांचं १९४४ मधलं एक छायाचित्र लागलं. त्याने त्यातल्या हयात असलेल्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलला, त्या काळच्या गिटारींचे क्ष-किरणाने फोटो काढले आणि २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. आज त्या युद्धकाळातल्या गिटारींना वादक मुद्दाम शोधतात. ज्यांनी त्या केल्या, त्यांची दखल मात्र घेतली गेली ती त्यांच्या म्हातारपणी. फेंडरच्या कारखान्यातही असंच. तिथे अॅबिगेल यबारा १९५६ मध्ये कामाला लागल्या. गिटारच्या पिकअपवर केसासारखी बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळणं हे त्यांचं काम, आणि २०१३ पर्यंत त्या ते करत होत्या. त्यांच्या हातचे पिकअप हवेत म्हणून लोक वाट बघत. शेतात, घरात, कारखान्यात राबून यादीत नाव नसणं आपल्याला नवीन नाही. म्हणून हे सांगितलं.

या पिकअपवरून आपण पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग भरीव असतं. तारेची थरथर पिकअप पकडतो, तिची वीज होते आणि आवाज अॅम्प्लिफायरमधून येतो. लॅकरचा थर जाड असावा की पातळ, यावर वादक तासन् तास भांडतात. पण पिवळा चांगला वाजतो की काळा, असं कुणी जाणतं माणूस म्हणणार नाही. एकाच बनावटीच्या, एकाच लाकडाच्या आणि एकाच पिकअपच्या दोन गिटारी असतील, तर जास्तीचे पैसे रंगाचे आहेत, आवाजाचे नाहीत. हे आईचं उत्तर.

आता दुकानात जाताना काय पाहायचं, तेही सांगतो.

पहिलं, रंगाआधी वाद्य पाहा. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर नवशिक्या बोटांना फोड येतात आणि मुलं कंटाळतात. पट्टीवरच्या धातूच्या आडव्या सळ्यांवरून कडेने हात फिरवा, टोचता कामा नये. सूर लावून दहा मिनिटं वाजवायला सांगा आणि सूर टिकतो का पाहा. मुलीच्या खांद्यावर पट्टा अडकवून तिला उभं करा. लेस पॉलसारखी गिटार चार किलोच्या आसपास भरते. तासभर उभं राहून वाजवायचं असेल तर हे वजन जाणवतं.

दुसरं, ज्वाळांच्या पट्ट्यांसाठी जादा पैसे मागितले तर गिटार उजेडात तिरकी करून पाहा. खऱ्या लाकडात उजळ आणि गडद पट्टे जागा बदलतात. जागचे हलले नाहीत, तर ते लाकडाचं छापलेलं चित्र असण्याची शक्यता मोठी. स्वस्त गिटारींत असं चित्र किंवा कागदाइतका पातळ लाकडाचा पापुद्रा लावतात. त्यात वाईट काही नाही, वाद्य वाजतं तसंच वाजतं. फक्त खऱ्याचे पैसे चित्राला देऊ नका.

तिसरं, फरक थोडा असेल आणि झेपत असेल, तर रंग मुलीला निवडू द्या. फरक मोठा असेल, तर तेच पैसे चांगल्या अॅम्प्लिफायरला, तारांच्या जादा संचाला किंवा दोन-तीन महिन्यांच्या शिकवणीला लावणं शहाणपणाचं. आणि दुकानदार ‘मुलीसाठी’ म्हणून आपणहून गुलाबी गिटार पुढे करत असेल, तर तिला आवडली तरच घ्या. मुलींचा रंग आणि मुलग्यांचा रंग असं वाद्यात काही नसतं.

चौथं, घरी आणल्यावर गिटार खिडकीच्या उन्हात टांगू नका. आता रंग पूर्वीपेक्षा पक्के असतात, पण ऊन लाकडालाही मानवत नाही. वाजवून झालं की घाम मऊ, कोरड्या फडक्याने पुसा, तारांखालूनही. जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरची गिटार असेल तर ती रबर किंवा फोम लावलेल्या स्टँडवर ठेवू नका, रबराने त्या लॅकरवर डाग पडतात.

आमच्यातल्या चौथीचं यावर एक म्हणणं होतं, ते सांगून थांबतो. शिकताना पहिले सहा महिने बोटं दुखतात, सूर लागत नाही, हातून काही धड वाजत नाही. त्या दिवसांत गिटार कोपऱ्यातून उचलून मांडीवर घ्यावीशी वाटली पाहिजे. एखाद्या मुलीला तो पिवळा-तांबडा काठ बघूनच ती उचलावीशी वाटत असेल, तर रंगाने आपलं काम केलं. बाकी तिघींनी या एका मुद्द्यावर मात्र मान हलवली.

तुमच्या घरात एखादं वाद्य असेल, पेटी, तबला, एकतारी, काहीही, तर त्याचा रंग कुणी निवडला आणि का, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात ती पत्रं वाचू. नमस्कार.